मराठीत मार्कडाउन लिहिताना नेमकं कुठं बिघडतं: नोट्सपासून ब्लॉगपर्यंत, क्रमानं

ऑब्सिडियन ह्या नोट्सच्या ॲपमध्ये एकदम व्यवस्थित दिसणारी फाइल साइटवर चढवली की कवितेच्या आठ ओळींचा एक सलग परिच्छेद होतो, क्रमांक दिलेली यादी यादी राहतच नाही, आणि ठळक करायला टाकलेले तारे वाचणाऱ्याला जसेच्या तसे दिसतात. मग निष्कर्ष काय, तर मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात चिन्हं टाकून हेडिंग, यादी, ठळक करायची पद्धत, मराठीला चालत नाही. चालतं की. फक्त मार्कडाउन वाचणारे प्रोग्राम बरेच आहेत आणि प्रत्येकाचे नियम थोडे थोडे वेगळे आहेत, शिवाय मराठी टाइप करताना काही खड्डे असे लागतात की ते इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणारच नाहीत, कारण ते लिहिणाऱ्यांच्या वाटेत ते येतच नाहीत.

हॅश टाकला की हेडिंग, दोन तारे टाकले की ठळक, एवढं तुम्हाला येतं असं धरून चाललोय. उदाहरण सगळीकडे एकच घेतो: हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकची नोंद, जी आधी स्वतःपुरती नोट असते, मग ग्रुपसाठी माहितीपत्रक होते आणि शेवटी ब्लॉग पोस्ट. आणि हो, खालच्या उदाहरणांत फाइलची आणि फोल्डरची नावं वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिलीत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टाकायची. का ते चौथ्या टप्प्यात येईल.

## १. फाइल उघडायच्या आधी ठरवा, ही जाणार कुठं

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि निम्म्याहून जास्त त्रास इथूनच सुरू होतो.

फाइल फक्त तुमच्याच वहीत राहणार असेल तर काहीही लिहा, चालतंय. पण ती गिटहबवर जाणार असेल तर तिथं कॉमनमार्क ह्या प्रमाण मार्कडाउनचे नियम आणि वर गिटहबची स्वतःची थोडी भर असते. ह्यूगो, जेकिल, एमकेडॉक्स हे मार्कडाउनच्या फाइलींपासून साइट बनवणारे प्रोग्राम: ह्यूगोचा ब्लॉग असेल तर फाइल गोल्डमार्क वाचतो, जेकिल असेल तर क्रॅमडाउन, आणि एमकेडॉक्सवर मॅन्युअल बनवत असाल तर पायथन-मार्कडाउन. ही नावं पाठ करू नका, पण आपलं कुठलं आहे ते एकदा बघून ठेवा, कारण पुढं काही बिघडलं की शोधताना हेच नाव लागतं. ह्यात सगळ्यात कटकट्या पायथन-मार्कडाउन. माझा सल्ला असा की त्याला चालेल असंच लिहायची सवय लावा, म्हणजे बाकी ठिकाणी फारसं अडत नाही.

ऑब्सिडियन वापरणाऱ्यांनी दोन सेटिंग आत्ताच बदला. एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘स्ट्रिक्ट लाइन ब्रेक्स’ चालू करा. ते बंद असतं तेव्हा ऑब्सिडियन एक एंटर मारला तरी नवी ओळ दाखवतं, बाकी बहुतेक जग तसं दाखवत नाही, आणि तुम्हाला पोस्ट चढवेपर्यंत पत्ताच लागत नाही. दुसरं, ‘फाइल्स अँड लिंक्स’मध्ये विकीलिंक्स बंद करा. दुहेरी चौकटी कंसातली लिंक ऑब्सिडियनमध्ये भारी चालते पण बाहेर गेली की नुसते कंस उरतात. पिवळं हायलाइट करायची दोन बरोबर चिन्हंसुद्धा अशीच, घरात राजा.

तपासा: दहा-बारा ओळींची एक टेस्ट फाइल करा. तिच्यात हेडिंग, यादीच्या आत यादी, तक्ता, फोटो, कवितेच्या चार ओळी असं सगळं टाका आणि जिथं शेवटी छापायचंय तिथं आत्ताच चढवून बघा. पन्नास नोट्स लिहून झाल्यावर हे करण्यात अर्थ नाही.

## २. एडिटर, एन्कोडिंग आणि जुन्या फॉन्टचा मजकूर

वर्डमध्ये लिहून मग कॉपी-पेस्ट, हे नको. व्हीएस कोड, ऑब्सिडियन, साधं नोटपॅड, काहीही चालेल, फक्त ते साधा मजकूर सेव्ह करणारं पाहिजे. मजकूर आधीच गूगल डॉक्समध्ये असेल तर २०२४ पासून तिथं डाउनलोडच्या यादीत मार्कडाउनचा पर्याय आहे, तो वापरा, हातानं तारे टाकत बसू नका.

विंडोजवर फाइलचं एक्स्टेन्शन लपलेलं असतं, त्यामुळं तुम्ही डॉट एमडी टाकलं तरी नोटपॅड कधीकधी मागं गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि साइटला ती फाइल दिसतच नाही. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत एक्स्टेन्शन दाखवायचं चालू करा, प्रश्न मिटला.

सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आणि तेही बीओएमशिवाय. एएनएसआय ठेवून सेव्ह केलंत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते, आणि ती परत अक्षरांत बदलत नाही, मजकूर गेला तो गेला. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारं न दिसणारं चिन्ह. जेकिलला ते चालत नाही. विंडोज १० च्या जुन्या आवृत्त्यांमधलं नोटपॅड यूटीएफ-८ म्हटलं की बीओएम घालूनच सेव्ह करायचं, १९०३ या आवृत्तीपासून ते बदललं. जुना कॉम्प्युटर असेल तर लक्ष ठेवा.

आता मराठीतला खास प्रकार. मंडळाची जुनी स्मरणिका, संस्थेचं वार्षिक, डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर, हे बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये असतं. तिथं खरं अक्षर साठवलेलं नसतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा दिलेला असतो. मार्कडाउनच्या फाइलमध्ये फॉन्टची माहिती राहत नाही, त्यामुळं पेस्ट केलं की चेहरा उतरतो आणि खालचा कचरा दिसतो. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या, आणि कन्व्हर्ट झालं म्हणजे झालं असं समजू नका. ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं ह्या तीन ठिकाणी हमखास गडबड राहते, ती डोळ्यानं वाचूनच सापडते.

थांबा: मूळ फाइल जपून ठेवा. कन्व्हर्ट केलेल्या मजकुरात शंका आली तर ताडून बघायला तीच लागते.

## ३. कीबोर्डची सोय आधी लावा

इनस्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्डवर टाइप करणाऱ्यांना हे पटकन कळेल. हॅशच्या जागी रकार उमटतो, ताऱ्याच्या जागी श्र, चौकटी कंसाच्या जागी ड, ‘>’ ह्या चिन्हाच्या जागी दंड आणि बॅकस्लॅशच्या जागी ॉ. म्हणजे मार्कडाउनला लागणारी चिन्हं मराठी कीबोर्डवर जवळजवळ नाहीतच. विंडोज की दाबून स्पेसबार मारला की भाषा बदलते, ते बोटात बसवा. नाहीतर एडिटरमध्ये स्निपेट करून ठेवा, म्हणजे लिंकचा सांगाडा किंवा तक्त्याचा सांगाडा एका शब्दात उमटेल.

सगळ्यात फसवं चिन्ह म्हणजे दंड. तक्त्याला उभी रेघ लागते, जिला पाइप म्हणतात, आणि मराठी कीबोर्डवरून पटकन जे उमटतं ते अभंगाच्या शेवटी असतं ते ‘।’. दिसायला सख्खे भाऊ, पण दंडानं तक्ता होत नाही. तक्ता बनत नसेल तर आधी हेच बघा.

फोनवर लिहित असाल तर आयफोनच्या कीबोर्ड सेटिंगमधलं ‘स्मार्ट पंक्चुएशन’ बंद करा. ते सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि लागोपाठ आडव्या रेघा जोडून एक लांब रेघ करतं, आणि नवव्या टप्प्यात बघाल की तेवढ्यानं अख्खी पोस्ट अडते.

## ४. फाइलचं नाव आणि फोल्डर

नाव रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, शब्दांमध्ये स्पेस नको तर आडवी रेघ. मराठीचा अभिमान वगैरे ठीक आहे पण तो मजकुरात ठेवा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि वेब पत्त्यात प्रत्येक बाइटची ३ अक्षरं होतात. ‘हरिश्चंद्रगड’ ह्या नावात काना-मात्रा-हलंत धरून १२ चिन्हं आहेत, म्हणजे व्हॉट्सॲपवर लिंक कॉपी करून टाकलीत की नुसत्या नावाची १०८ अक्षरांची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली शेपटी. त्यावर कोणी विश्वासानं क्लिक करत नाही.

लहान अक्षरांचा आग्रह का, तर विंडोजवर फाइलच्या नावातलं मोठं-लहान अक्षर सारखंच धरतात, आणि लिनक्सच्या सर्व्हरवर नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचं एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत असतं, तुम्ही मजकुरात लहान लिहिता, घरी फोटो दिसतो आणि साइटवर तुटलेली चौकट.

नोट्सना नावाच्या सुरुवातीला तारीख द्या, वर्ष-महिना-दिवस ह्याच क्रमानं, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. फोल्डर कमी ठेवा. विषयाप्रमाणं आत आत फोल्डर करत जाणाऱ्यांना सहा महिन्यांनी आपलीच नोट सापडत नाही, त्यापेक्षा सर्च बरा.

थांबा: एकाच फोल्डरवर वनड्राइव्ह पण आणि ऑब्सिडियन सिंक पण, असं दुहेरी सिंक लावू नका. एकाच नोटच्या दोन-दोन प्रती तयार होतात आणि ताजी कुठली ते कळत नाही.

## ५. मजकूर लिहायचा क्रम

आधी परिच्छेद आणि हेडिंग, मग याद्या, मग तक्ता, आणि ठळक वगैरे सगळ्यात शेवटी. उलटं केलं की मजकूर हलवताना तारे मागंपुढं राहतात.

### परिच्छेद आणि ओळी

एक एंटर म्हणजे काहीच नाही. मोकळी ओळ सोडली तर नवा परिच्छेद. कविता, अभंग, पत्ता ह्यांना ओळ तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्यायच्या, हे सगळीकडे चालतं. अडचण अशी की दोन स्पेस दिसत नाहीत आणि काही एडिटर सेव्ह करताना शेवटच्या स्पेस साफ करून टाकतात. व्हीएस कोडमध्ये तसं सेटिंग चालू असेल तर मार्कडाउन फाइलपुरतं बंद ठेवा. कॉमनमार्कवाल्या ठिकाणी ओळीच्या शेवटी एक बॅकस्लॅशही चालतो, तो निदान दिसतो तरी. पण क्रॅमडाउनला दोन लागतात आणि पायथन-मार्कडाउनला त्याचं काही पडलेलं नाही.

परिच्छेदाच्या सुरुवातीला शाळेत शिकवल्यासारखी जागा सोडू नका. चार स्पेस पडल्या की तो परिच्छेद कोड समजला जातो आणि करड्या चौकटीत जाऊन बसतो. संवाद लिहिताना ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ आणि स्पेस टाकायची सवय असेल तर तीही सोडा, त्याची यादी होते.

### हेडिंग

हॅशनंतर स्पेस हवीच. स्पेस न देता लिहिलेलं `#ट्रेक` ऑब्सिडियनमध्ये टॅग होतो, गिटहबवर साधा मजकूर राहतो आणि पायथन-मार्कडाउनमध्ये हेडिंग होतं. तीन ठिकाणी तीन तऱ्हा. हेडिंगच्या वर आणि खाली मोकळी ओळ ठेवा, पँडॉकला (मार्कडाउनचं वर्ड, पीडीएफ करून देणारा प्रोग्राम) वरची लागतेच.

आणखी एक हमखास घोळ:

```
पाणी पाचनईतच भरून घ्या
---
```

तुम्हाला खाली आडवी रेघ हवी होती, मिळालं काय तर वरचं वाक्य भलं मोठं हेडिंग होऊन बसलं. रेघेच्या वर मोकळी ओळ सोडा.

### याद्या

हे नीट वाचा, कारण मराठीत सगळ्यात जास्त बिघाड इथं आहे. यादीचे क्रमांक इंग्रजी आकड्यांतच टाकावे लागतात. १, २, ३ असे देवनागरी आकडे टाकून पुढं टिंब दिलंत तर मार्कडाउनला ती यादी वाटतच नाही, सगळे मुद्दे एकमेकांना चिकटून एक परिच्छेद तयार होतो. फोनवरचे काही मराठी कीबोर्ड देवनागरी आकडेच टाकतात, तिथं लक्ष द्या. वाचणाऱ्याला देवनागरी आकडे दिसायला हवे असतील तर ते साइटच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान दिसायचं कसं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये, यादीची स्टाइल देवनागरी करून होतं, मजकुरात नाही.

यादीच्या आधी मोकळी ओळ. आतल्या यादीला चार स्पेस. दोन किंवा तीन स्पेस गिटहबवर बऱ्याचदा चालून जातात आणि एमकेडॉक्सवर आतली यादी बाहेर येऊन बसते, चार दिल्या की दोन्हीकडं नीट:

```
1. पाचनई गाठा
    - गाडी गावातच लावा
    - पाणी इथंच भरा
2. गडाची वाट धरा
```

मुद्द्याखाली फोटो किंवा जास्तीचा परिच्छेद टाकायचा असेल तर त्यालाही चार स्पेस द्या. नाही दिल्या तर यादी तिथं तुटते आणि काही ठिकाणी पुढचा मुद्दा परत १ पासून सुरू होतो.

### तक्ता

```
| वाट | पायथा | कुणासाठी |
|---|---|---|
| पाचनई | पाचनई | पहिल्यांदा जाणारे |
| टोलार खिंड | खिरेश्वर | चालायची सवय असलेले |
| नळीची वाट | बेलपाडा | अनुभवी, सोबत माहीतगार हवा |
```

दुसरी रेघांची ओळ विसरू नका आणि तिच्यातले रकाने पहिल्या ओळीइतकेच ठेवा, एक जरी कमी पडला तर गिटहब तक्ता मानत नाही. उभ्या रेघा एकाखाली एक आणायच्या भानगडीत पडू नका, मराठी अक्षरांच्या रुंदीमुळं त्या जुळतच नाहीत आणि जुळल्या काय न जुळल्या काय, फरक शून्य. तक्ता चार-पाच रकान्यांच्या पुढं गेला तर फोनवर तो वाचवत नाही, तेव्हा सरळ याद्या करा.

### ठळक

व्हॉट्सॲपवर एक तारा म्हणजे ठळक, इथं एक तारा म्हणजे तिरपं. हात त्या सवयीनंच जातो. दोन तारे टाका. तिरप्या अक्षरांच्या तर वाटेला जाऊ नका असं माझं मत आहे, बहुतेक देवनागरी फॉन्टला खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर उभं अक्षर ढकलून वाकडं करतो आणि ते वाईट दिसतं.

ताऱ्यांच्या आत दोन्ही बाजूंना स्पेस नको. आणि आता प्रत्ययांची गंमत. मराठीत शब्दाला मध्ये, वर, ची, ला चिकटतात, म्हणून ठळक शब्दाच्या लगेच मागं अक्षर येतं. दोन ताऱ्यांना ते चालतं, अंडरस्कोअरला चालत नाही. पण ठळक भागाच्या शेवटी अवतरणचिन्ह किंवा कंस असेल आणि त्याला लगेच प्रत्यय लागला असेल तर कॉमनमार्कमध्ये तारेही फेल जातात:

```
चालतं:      **पाचनई**ला उतरा
चालत नाही:  __पाचनई__ला उतरा
चालत नाही:  **‘पाचनई’**ला उतरा
चालतं:      ‘**पाचनई**’ला उतरा
```

म्हणजे अवतरणचिन्हं ताऱ्यांच्या बाहेर. `**सूचना:**पुढे` असं चिकटून लिहिलं तरी हाच प्रकार होतो, विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांनंतर तारे संपवून एक स्पेस द्या.

तपासा: तयार पानावर ब्राउझरच्या शोधात तारा टाइप करून बघा. एक जरी सापडला तर तिथं काहीतरी फसलंय.

## ६. लिंक आणि फोटो

चौकटी कंसात मजकूर, लगेच गोल कंसात पत्ता, दोन्हीच्या मध्ये स्पेस नाही. फोटोला तेच, फक्त आधी उद्गारचिन्ह. पत्त्यात स्पेस असली की लिंक मोडते, चौथा टप्पा पाळला असेल तर हा प्रश्नच येत नाही.

फोटोचा पत्ता तुमच्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हपासून देऊ नका, तो दुसऱ्या कुणाकडं नसतो. मजकुराच्या फाइलपासूनचा पत्ता द्या, आणि विंडोजवाल्यांनो, तिरकी रेघ पुढं झुकलेली हवी, बॅकस्लॅश नको:

```
![पाचनईहून दिसणारी गडाची भिंत](फोटो/गड-01.जेपीजी)
```

चौकटी कंसातलं वर्णन रिकामं सोडू नका. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तेवढंच ऐकू येतं, आणि नेट नसताना फोटोच्या जागी तेच दिसतं. बाकी, फोनचे फोटो लहान करून टाका, पाच-सहा एमबीचा एकेक फोटो गडाच्या पायथ्याशी बसून कुणी उघडणार नाही.

## ७. नोट सापडायला हवी

साध्या मजकुराचा सगळ्यात मोठा फायदा शोध. मराठीत तो परस्पर बारगळतो, कारण एकच शब्द दिसायला सारखा पण आतून वेगळा टाइप झालेला असतो. ‘ॲप’ एका अखंड चिन्हानंही लिहिता येतो, अ वर चंद्र देऊनही, आणि ‘ऍप’ असाही काही जण लिहितात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र पण दोन पद्धतींनी टाइप होतो, एक खालच्या टिंबाच्या ऱ पासून आणि एक साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला फरक नाही, कॉम्प्युटरला पूर्ण वेगळा शब्द.

उपाय कंटाळवाणा आहे पण एकदाच करायचाय: कुठलं एक रूप ठेवायचं ते ठरवा, एडिटरच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’नं सगळ्या फोल्डरमधली बाकीची रूपं बदला, आणि यापुढं एकाच कीबोर्डनं टाइप करा. बदलायच्या आधी फोल्डरची कॉपी काढून ठेवा. ज्यांना एवढं नको असेल त्यांनी प्रत्येक नोटच्या शेवटी चार-पाच सोपे शब्द लिहावेत, ज्यांत ऱ्या आणि ॲ नाहीत. हेही चालतं.

## ८. माहितीपत्रक किंवा मॅन्युअल करताना

नोट स्वतःसाठी असते, मॅन्युअल दुसऱ्यासाठी, त्यामुळं तीच फाइल नाव बदलून वापरू नका. एका पानावर एकच काम: ‘पाचनईहून कसं जायचं’ हे एक पान, ‘सोबत काय घ्यायचं’ हे दुसरं. प्रत्येक पानाच्या वरच्या दोन ओळींत हे कुणासाठी आहे आणि सुरू करायच्या आधी काय हातात हवं ते लिहा. मग पायऱ्या, एका पायरीत एकच कृती. ‘गाडी लावा, पाणी भरा आणि नोंद करून वाट धरा’ ह्या चार गोष्टी आहेत, आणि वाचणारा नेमकी मधली विसरतो.

गिटवर (फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्राम) ठेवत असाल तर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. पानावर ती जोडूनच दिसतात, पण कुणी बदल केला तर कुठलं वाक्य बदललं ते चटकन कळतं, नाहीतर अख्खा परिच्छेद बदललेला दिसतो. फक्त तुमचं ठिकाण एका एंटरला ओळ तोडणारं असेल तर हे करू नका.

मॅन्युअलच्या आत एका हेडिंगपासून दुसऱ्याकडं लिंक देता ना, तिथं एमकेडॉक्स मराठीत दगा देतं. हेडिंगमधली इंग्रजी नसलेली अक्षरं ते मूळ सेटिंगमध्ये टाकून देतं, मग तुमच्या हेडिंगांचे पत्ते नुसते `_1`, `_2` असे बनतात. मधे एक नवं हेडिंग घातलंत की पुढचे सगळे पत्ते एकानं सरकतात आणि जुन्या लिंक भलत्याच जागी जातात. दोन मार्ग आहेत: टीओसी (अनुक्रमणिकेच्या) एक्स्टेन्शनला युनिकोड स्लग, म्हणजे पत्त्यात मराठी अक्षरं, वापरायला सांगा, किंवा प्रत्येक हेडिंगच्या शेवटी महिरपी कंसात हॅश देऊन स्वतः एक छोटं रोमन नाव ठेवा. मला दुसरा आवडतो, कारण ह्यूगो, क्रॅमडाउन आणि पँडॉकलाही तो समजतो. एमकेडॉक्समध्ये त्यासाठी ‘अ‍ॅट्रिब्यूट लिस्ट’ एक्स्टेन्शन चालू करावं लागतं.

थांबा: पब्लिक रेपॉझिटरीत ग्रुपमधल्या लोकांचे फोन नंबर टाकू नका. नंतर ओळ पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहते, आणि कॉमेंट करून लपवलेला मजकूरही मूळ फाइल उघडली की दिसतो.

## ९. ब्लॉग पोस्ट करताना

पोस्टच्या डोक्यावर माहितीची पाटी असते, फ्रंट मॅटर म्हणतात तिला. आतली नावं रोमन लहान अक्षरांत टाकायची, इथं उच्चार देतोय:

```
---
टायटल: "हरिश्चंद्रगड: पाचनईची वाट"
डेट: 2025-01-05 10:00:00 +05:30
ड्राफ्ट: फॉल्स
---
```

पहिल्या तीन रेघा फाइलच्या अगदी पहिल्या ओळीवर, वर मोकळी ओळसुद्धा नको. शीर्षकात दोन टिंबं आली की पूर्ण शीर्षक सरळ अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर ह्यूगोची साइट बनतच नाही, आणि एररमध्ये जे लिहून येतं त्यावरून शीर्षकाचा संशय कुणाला येणार नाही. वाकडी अवतरणचिन्हं इथं चालत नाहीत. टॅब दाबून जागा सोडायची नाही, स्पेसच. तारखेचे आकडे इंग्रजी.

तारखेपुढचं +05:30 का, ते सांगतो. सकाळी १० वाजताची वेळ टाकली आणि टाइमझोन दिला नाही, तर ह्यूगो आणि गिटहबवरचं जेकिल ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतात, म्हणजे आपल्याकडची दुपारचे साडेतीन. तुम्ही सव्वादहाला पोस्ट चढवली, सर्व्हरच्या मते ती भविष्यातली आहे, आणि भविष्यातल्या पोस्ट ते मुळात छापत नाहीत. एरर नाही, काही नाही, पोस्ट फक्त गायब. बरं साडेतीन वाजले म्हणून ती आपोआप उगवतही नाही, साइट परत बिल्ड करावी लागते. साइटच्या सेटिंगमध्येही टाइमझोन देता येतो, तो एकदा देऊन ठेवा. जेकिलमध्ये शिवाय फाइलच्या नावाची सुरुवात तारखेनंच लागते.

यूट्यूबचा एम्बेड कोड पेस्ट करून तो दिसत नसेल तर तुमचं काही चुकलेलं नाही, ह्यूगो मजकुरातलं एचटीएमएल मुळात गाळतं आणि गिटहब आयफ्रेम काढून टाकतं. ह्यूगोमध्ये यूट्यूबसाठी तयार शॉर्टकोड आहे, तो वापरा.

साइटच्या भाषेचं सेटिंग इंग्रजी राहिलेलं असतं, ते मराठी करा, कोड एम-आर. नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट असेल तर तेवढ्यानं ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसत राहतात.

तपासा: प्रकाशित झाल्यावर स्वतःच्या लॉगिनमधून नाही, फोनवर मोबाइल डेटानं, इन्कॉग्निटोमध्ये उघडा. तक्ता, पहिला फोटो आणि कविता असेल तर तिच्या ओळी, एवढं बघा.

## १०. कुणी वर्ड किंवा पीडीएफ मागितलं तर

पँडॉक वापरा. वर्डसाठी एक रेफरन्स डॉक्युमेंट बनवून त्यातल्या स्टाइलना मराठी फॉन्ट द्या, पण फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा फॉन्ट बदला. वरचा बदलून देवनागरीवर परिणाम होत नाही, आणि लोक तासभर तोच बदलत बसतात.

पीडीएफसाठी पँडॉक स्वतःहून जे इंजिन घेतं त्याला देवनागरी झेपत नाही. झीलेटेक किंवा लुआलेटेक द्या आणि सोबत मुख्य फॉन्ट म्हणून देवनागरी फॉन्टचं नाव द्या, फॉन्ट न दिल्यास पानं कोरी किंवा चौकोनांनी भरलेली येतात. एवढा खटाटोप नको असेल तर आधी एचटीएमएल करा, ते क्रोममध्ये उघडा आणि प्रिंटमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करा. जोडाक्षरं नीट येतात, आणि दोन-चार पानांच्या माहितीपत्रकाला ह्याच्या वर काही लागत नाही. प्रिंटच्या खिडकीत ‘हेडर्स अँड फूटर्स’ची खूण काढा, नाहीतर प्रत्येक पानाच्या तळाशी तुमच्या फाइलचा पूर्ण पत्ता छापून येतो.